हिरव्या झाकणाचा डबा

मंगळवार, ता. ४

चि. सूनबाई,

तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी मला धड बोलता यायचं नाही, म्हणून हिशेबाच्या वहीची मागची कोरी पानं काढून लिहायला बसले आहे. पूजा झाली, कुकर उतरवला, तुझा नवरा कामावर गेला. घरात मी आणि घड्याळ, दोघंच.

कुरियरने चिमीचा निळा स्वेटर, तिची झोपायची उशी आणि खडूंची पेटी पाठवली आहे. पोचल्याचं तिच्या बाबाला कळव. मला नाही कळवलंस तरी चालेल. तिचा घसा कसा आहे? दवाखान्यातून निघताना म्हणाली होती, "आजी, माझा आवाज तुझ्यासारखा झाला." मी हसले होते. घरी येऊन मोरी घासत बसले.

तू माहेरी गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. मी तुला दोष देत नाही. आईने लेकरू जिथे सुरक्षित वाटेल तिथे न्यावं. पण नवऱ्यावर जो राग धरून बसली आहेस त्याबद्दल दोन शब्द लिहिते, रागावू नकोस. त्याने चिमीला आदल्या दिवशीच्या नूडल्स गरम करून दिल्या. तू कामावर होतीस आणि त्याने तुला विचारलं नाही, हे चुकलंच. पण त्याने काय पाहिलं? डब्याचं झाकण हिरवं होतं. नियम तुझाच होता ना? हिरवं झाकण म्हणजे चिमीचं, त्यात शेंगदाण्याचा कणही जायचा नाही, डोळे मिटून द्यावं. त्याने डोळे मिटून दिलं. इंजेक्शनही त्यानेच टोचलं, तिला उचलून तीन जिने तोच धावला. त्या दिवसापासून हा माणूस ताटात वाढलेलं अन्न आधी हुंगतो. स्वतःचं ताट. माझ्या हातचं.

तपासणीला आलेल्या अन्नखात्याच्या माणसालाही मी हेच सांगितलं, की उरलेल्या नूडल्स हिरव्या झाकणाच्या डब्यातच होत्या आणि त्या डब्यात दुसरं काही कधी जात नाही. त्याने लगेच लिहून घेतलं. म्हणाला, मग घरचा प्रश्नच उरत नाही, जे काय मिसळलं ते हॉटेलातच. कोपऱ्यावरच्या चायनीजला त्याच दिवशी नोटीस लागली. शटर खाली आहे. तुझ्या नवऱ्याने तक्रार दिली ती रागाच्या भरात, पण दिली ते बरंच केलं असं सगळे म्हणतात. शेवटी हॉटेलवाले ते हॉटेलवाले. आपण चार वर्षं घरचे समजून गेलो म्हणून ते काही घरचे होत नाहीत.

त्या शनिवारी किती मजेत जेवत होतो. चिमीचा पहिला दात हलायला लागला म्हणून तुम्ही मला ओढून नेलंत. मी आपली त्या दोन काड्या हातात धरून बसले, आणि चिमी म्हणाली, आजी आता विणकाम करणार. काड्यांनी भात खायचा म्हणजे चिमट्याने मुंग्या वेचायच्या.

जास्त लिहीत नाही. तिला माझं नाव काढून रडवू नकोस.

आई


गुरुवार, ता. १३

सूनबाई,

स्वेटर पोचल्याचा तुझा निरोप तुझ्या नवऱ्याला आला. दोन शब्दांचा होता, पण आला. याने तो फोन दिवसभर खिशात न ठेवता हातात धरला होता.

काल एक गोष्ट घडली. तुला सांगू की नको, असा विचार करून कालचं लिहिणं आज केलं.

दुपारी मी एकटी असताना दार वाजलं. चायनीजवाल्या मालकीणबाई. गल्ल्यावर बसणाऱ्या, चिमीला आल्याबरोबर कागदाची होडी करून देणाऱ्या. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. मी दार अर्धंच उघडलं. म्हटलं, मुलगा घरी नाही, तक्रारीचं त्याच्याशी बोला. त्या म्हणाल्या, तक्रारीचं नाही हो आजी, तुम्हाला एक वस्तू दाखवायची आहे. मग काय करणार, बसा म्हटलं. पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

वर्तमानपत्रातून त्यांनी ती छोटी कढई काढली. दांड्याला लाल चिकटपट्टी असलेली, चिमीच्या नूडल्सची. तू पहिल्यांदा त्यांना ॲलर्जीचं समजावलंस तेव्हा त्यांनी मुद्दाम विकत आणली होती, आठवतं? चार वर्षांत त्या कढईत दुसऱ्या कोणाचं काही शिजलं नाही. ती आपल्या चहाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही संसार केलेल्या बाई आहात. हिच्याकडे बघा आणि मला सांगा, आम्ही कुठे चुकलो?"

भांडायला आल्या असत्या तर मला जड गेलं नसतं. तोंड मलाही आहे. पण त्या खरंच विचारत होत्या. कढई वेगळी, तेल वेगळ्या बाटलीतलं, ओट्याचा तो कोपरा आधी पुसलेला. पाढे म्हणावे तसं सगळं म्हणून दाखवलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, की नवरा आता स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. पहिले चार दिवस तो म्हणत होता, मी सगळं नीट केलं. मग म्हणायला लागला, कलथा बदलला होता ना मी? आता म्हणतो, नाही बदलला. मला आठवतंय, भाजीतला कलथा तसाच नूडल्सला लावला. त्याला ते डोळ्यांपुढे दिसतं. कुठल्या हाताने उचलला तेही सांगतो.

मी म्हटलं, माणूस आहे, होतं.

हे मी म्हटलं, सूनबाई.

त्या कढई घेऊन गेल्या. त्यांनी न घेतलेलं पाणी मी झाडाला घातलं आणि माळ घेऊन बसले, पण तीनदा मोजणी चुकली.

आई


सोमवार, ता. १७

चि. सूनबाई,

आज घाईत लिहिते. आनंदाची बातमी आहे. येत्या शुक्रवारी अन्नखात्याच्या कार्यालयात सुनावणी आहे, आणि मालकीणबाईंचा नवरा, तो स्वयंपाकी, तिथे सगळं कबूल करणार आहे. त्याच्या वकिलाने तसं तुझ्या नवऱ्याला कळवलं. लिहून देतो म्हणे, की चूक माझ्या हातून झाली. परवाना जाईल, पण खटला लांबणार नाही.

हा आज कित्येक दिवसांनी पोटभर जेवला. हुंगला नाही. म्हणाला, "आई, आता मी तिला सांगू शकतो, चूक माझी नव्हती. कागदावर असेल." रविवारी तुझ्याकडे यायचं म्हणतोय. तिकीट काढायला गेला आहे.

तेव्हा आता सगळं मार्गी लागेल. तू परत ये. झालं गेलं गंगेला मिळालं. चिमीची खाट मी खिडकीपाशी सरकवून ठेवली आहे, तिला तशी हवी होती.

आई


बुधवार, ता. १९

सूनबाई,

सोमवारचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाक. नसेल पोचलं तर आल्यावर फाड.

हे पत्र मी वाचून पाहणार नाही. लिहिलं की तशीच खाली उतरून पेटीत टाकणार आहे. पेटीत पडलेलं पत्र परत काढता येत नाही, आणि मला तेच हवं आहे. माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही.

त्या शनिवारचं सांगते. जसं झालं तसं.

तू म्हणाली होतीस, "आई, आज दाण्यांचं काही नको ना मागवूया." मी ऐकलं नाही. त्या हॉटेलात मला एकच पदार्थ आवडतो, दाणे घालून परतलेल्या भाज्या. मी म्हटलं, मी बसते टेबलाच्या त्या टोकाला, तुमच्या लेकीला वारासुद्धा लागायचा नाही. तू गप्प बसलीस. चारचौघांत सासूला किती टोकायचं, म्हणून गप्प बसलीस, हे मला तेव्हाही कळलं होतं.

चिमीचा दात हलत होता, तिला चावेना. तिच्या नूडल्स अर्ध्या राहिल्या. माझी भाजीही अर्धी राहिली. तू तिला हात धुवायला घेऊन गेलीस, हा बाहेर फोनवर बोलत होता. मालकीणबाई दोन खोकी घेऊन आल्या. मी नेहमीसारखं म्हटलं, राहू द्या, आमचा डबा आहे. त्यांच्या खोक्यांचे पैसे वेगळे पडतात, हे तुला माहीत आहे आणि माझा स्वभावही माहीत आहे. पण त्या दिवशी मी एकच डबा आणला होता. स्टीलचा, एका पुडाचा.

खाली भाजी भरली. वर दोन कागदी रुमाल घडी करून घातले. त्यावर चिमीच्या नूडल्स.

माहीत नव्हतं असं म्हणू शकत नाही. हात थांबला होता. दोन घटका नाही, पण एक श्वासभर थांबला होता. मग मनात आलं, कागद आहे ना मध्ये. आणि त्याच्याही मागे जे आलं ते लिहिते, कारण ते सोडलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं, हे सगळं तुझं थोतांड आहे. आम्ही पाच भावंडं दाणे खाऊन वाढलो. हल्लीच्या आया, हल्लीचे डॉक्टर. इतकंसं काय होतंय.

घरी आल्यावर रुमाल खालून तेलाने ओला झालेला दिसला. वरच्या नूडल्स मी अलगद उचलल्या आणि हिरव्या झाकणाच्या डब्यात भरल्या. भाजी रविवारी सकाळी मी खाल्ली. स्टीलचा डबा घासून पालथा घातला. अन्न टाकलं नाही, पैसे वाचले, आणि मी समाधानाने जपाला बसले.

रविवारी दुपारी याने पहिली हाक मारली, "आई!" तेव्हा माळेचे नऊ मणी राहिले होते. मी ते नऊ मणी पुरे करून उठले. देवाचं नाव मध्येच सोडू नये म्हणून. बाहेर आले तर लेकराचे ओठ सुजलेले, घशातून शिट्टीसारखा आवाज. हा इंजेक्शन शोधत होता. कुठल्या कप्प्यात आहे ते मला ठाऊक होतं. ते नऊ मणी मी रोज मोजते, सूनबाई. बाकीचे नव्व्याण्णव कुठे जातात कळत नाही.

तपासणीच्या माणसाला मी खोटं बोलले नाही. हिरव्या झाकणाच्या डब्यातच होतं, असं सांगितलं. शब्द न् शब्द खरा. पण त्याने विचारलं असतं, त्याआधी कशात होतं, तर काय सांगितलं असतं हे मला आजही माहीत नाही. त्याने विचारलं नाही. माझं स्वयंपाकघर पाहून म्हणाला, अशा घरात चूक होत नाही. मी आत गेले आणि समई घासली.

गप्प का राहिले? तू मला चिमीजवळ पुन्हा कधी एकटं सोडणार नाहीस म्हणून. दुसरं काही कारण नाही. आधी वाटलं, चायनीजवाल्यांना दंड होईल, चार दिवसांनी दुकान उघडेल. तुझा राग शमेल, तू येशील. कोणाचंच फार बिघडायचं नाही. मग तो माणूस न केलेली चूक आठवायला लागला. पळभर मला बरं वाटलं, सूनबाई. सोमवारचं पत्र मी त्या बरं वाटण्यात लिहिलं. रात्री देवापुढे बसले आणि हात जोडता येईनात. देव काही बोलत नाही, पण तोंड फिरवतो तेव्हा कळतं.

याला अजून सांगितलेलं नाही. त्याच्यासमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही आणि तो रडला तर मी पुन्हा गप्प बसेन. शुक्रवारी कार्यालयात सगळ्यांदेखत सांगणार आहे. तुला आधी कळावं म्हणून हे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं असं हे नाही.

पेटी पाचला उघडतात. निघते.

आई


शनिवार, ता. २२

सूनबाई,

बुधवारचं पत्र तुला मिळालं की नाही, हे मला माहीत नाही. मिळालं असलं तरी तू काय लिहिणार.

काल सुनावणी झाली. वरच्या मजल्यावर एक लांब खोली, मध्ये टेबल, एका बाजूला अधिकारी आणि टंकलेखिका. आम्ही मायलेक भिंतीशी. समोर मालकीणबाई आणि तो. इतक्या वर्षांत मी त्याला उजेडात पाहिलंच नव्हतं, कायम वाफेच्या मागे असायचा. रोड झाला आहे. शर्टाची बटणं वर-खाली लागली होती आणि बायकोने ती नीट केली नव्हती, म्हणजे तीही किती थकली असेल बघ.

अधिकाऱ्याने त्याला उभं केलं. तो बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मीच उठले. म्हटलं, साहेब, याच्याआधी माझं लिहून घ्या. तुझा नवरा माझा पदर ओढत म्हणाला, आई, बस, तुझी पाळी नाही. मी बसले नाही.

सांगितलं. तुला लिहिलं तसंच, भाजी खाली, रुमाल, नूडल्स वर. टंकलेखिका थांबली आणि अधिकाऱ्याकडे बघायला लागली. त्याने विचारलं, आधी का नाही सांगितलंत? मी म्हटलं, नात दुरावेल म्हणून. त्याने ते जसंच्या तसं लिहायला सांगितलं.

याच्याकडे मी पाहिलं नाही. माझ्या शेजारची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तेवढंच कळलं.

सांगून मोकळं व्हावं, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. कारण तो स्वयंपाकी मान हलवायला लागला. म्हणाला, "नाही साहेब. आजी मला वाचवतायत. कलथा मी बदलला नव्हता, मला चांगलं आठवतं." अधिकारी वैतागला. एका चुकीसाठी दोन माणसं भांडतायत, असं त्याने आयुष्यात पाहिलं नसेल. वकील त्याला खाली बसवायला बघत होता, तो बसेना.

मग मी टेबलाला वळसा घालून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, भाऊ, मला नीट बघा. खोकी आणली होती तुमच्या बाईंनी. दोन. विचारा त्यांना, मी परत केली की नाही? मालकीणबाई हळूच म्हणाल्या, केली होती. म्हटलं, भाज्या माझ्या किती उरल्या होत्या? अर्ध्या. त्या भाज्या मी कशात नेल्या मग, पदरात? तो म्हणाला, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं, रुमाल ओला झाला होता ते, तेलाचा डाग केवढा होता ते. तो म्हणाला, अजून एकदा. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज गेला, तर तोच पुढचं बोलायला लागला: मग नूडल्स उचलल्या, मग हिरव्या डब्यात ठेवल्या. माझी चूक त्याने पाठ करून घेतली. तेव्हा कुठे खाली बसला. दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले आणि बघत राहिला. परत मिळालेली वस्तू आपलीच आहे ना, असं माणूस बघतो तसं.

माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत. मालकीणबाई जिन्यात माझ्याजवळ थांबल्या. "महिनाभर हा झोपला नाही, आजी. आणि तुम्ही रोज आमच्या बंद शटरवरून भाजी आणायला जात होता." एवढं बोलून उतरून गेल्या. खरं आहे. रोज जात होते. आणि फूटपाथ बदलून जात होते, ते त्यांना माहीत नाही.

नोटीस उठेल म्हणतात. माझ्यावर काय व्हायचं ते कागद ठरवतील, त्याची मला काळजी नाही.

घरी येताना हा माझ्यापुढे दहा पावलं चालत होता. आल्यावर ओट्यापाशी गेला, हिरव्या झाकणाचे तिन्ही डबे काढले आणि बाहेर नेऊन टाकले. रात्री जेवला नाही. सकाळी मात्र विचारलं, उद्याचं तिकीट आहे, जाऊ का? सदतीस वर्षांचा मुलगा, दारात उभा राहून विचारतो. मी म्हटलं, जा. त्याच्या पिशवीत हे पत्र घालते आहे. फोडायचं नाही असं सांगितलं आहे, आणि तो फोडणार नाही.

मी काही मागत नाही. चिमीला मला दाखवू नकोस, असं तुझं ठरलं तर ते बरोबर ठरलं असं मी स्वतः लोकांना सांगेन. तिला विचारावंसं वाटलं तर खरं सांग. आजीने केलं, मुद्दाम नाही पण समजून-उमजून. सहा वर्षांच्या मुलीला कळेल असं तूच काहीतरी शोध, मला शब्द सापडले नाहीत.

तुझा नवरा मात्र निर्दोष आहे. ते आता कागदावर आहे, आणि कागदाहून जास्त, मी सांगते आहे. उद्या दुपारी तो जिना चढून येईल. घंटी एकदाच वाजवेल, दुसऱ्यांदा वाजवायचा धीर त्याच्यात नाही. त्याच्यामागे पायरीवर मी उभी असेन, असं वाटून साखळी लावून दार उघडू नकोस.

मी आलेली नाही. पूर्ण उघड.

आई